‘अननोन प्लेझर्स’चे मुखपृष्ठ नव्याने घडवताना मागच्या रेषा पुढच्या शिखरांतून दिसतात

प्रश्न:
जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या ‘अननोन प्लेझर्स’ (1979) या अल्बमचे मुखपृष्ठ मला फोटोशॉपमध्ये पहिल्या रेषेपासून स्वतः उभे करायचे आहे. नेटवर मिळणारे चित्र मोठे केले की रेषांच्या कडा फाटतात, आणि मला तर ते 12 इंची तबकडीच्या वेष्टनाच्या आकारात छापून भिंतीवर लावायचे आहे. पेन टूलने एक रेषा काढली, तिच्या प्रती एकाखाली एक मांडल्या आणि प्रत्येकीचे उंचवटे थोडे बदलले. तरी मागच्या रेषा पुढच्या शिखरांतून आरपार दिसतात आणि डोंगररांगेऐवजी जाळे तयार होते. शिवाय सगळे फार नियमित वाटते. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर 1:
प्रत्येक रेषेच्या खालचा भाग काळ्या रंगाने भरलेला असला पाहिजे, म्हणजे ती आपल्या मागच्या रेषांना आपोआप झाकेल. लेयरच्या यादीत सर्वांत वरची रेषा कागदावर सर्वांत खाली हवी. हा क्रम उलटा झाला की भास मोडतो. आकार बंद करून त्याला पांढरी कड दिली, तर ती बाजूंना आणि तळालाही उमटते. म्हणून हे काम इंकस्केप या रेखाचित्रांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करावे, असे मी सुचवेन: तिथे रेषा उघडी ठेवूनही तिला काळा भराव देता येतो आणि पांढरी कड फक्त वरच्या वळणावर राहते.

उत्तर 2:
नियमितपणाचे कारण तुमच्या पद्धतीतच आहे. एका रेषेच्या प्रती बदलत गेल्यास शेजारच्या रेषा एकमेकींच्या बहिणी दिसणारच. मूळ चित्र हा कोणी कल्पनेने काढलेला देखावा नसून आलेख आहे. 1967 साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल आणि अँटनी ह्यूइश यांच्या निरीक्षणांतून जो पहिला पल्सार (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणारा तारा) सापडला, त्या सीपी 1919 ची एकामागून एक आलेली 80 स्पंदने त्यात आहेत. खगोलशास्त्रज्ञ हॅरल्ड क्राफ्ट यांनी पोर्तो रिकोतील आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरील नोंदींचा हा आलेख 1970 च्या आपल्या प्रबंधात दिला. पुढे तो खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशात छापला गेला आणि तिथून बँडच्या हाती लागला. पांढऱ्यावर काळा असलेला तो आलेख मुखपृष्ठाचे रचनाकार पीटर सॅव्हिल यांनी काळ्यावर पांढरा केला, आणि दर्शनी बाजूवर बँडचे किंवा अल्बमचे नावही ठेवले नाही. मला हा निर्णय फार धाडसी वाटतो.

हे कळले की काय स्थिर ठेवायचे आणि काय बदलायचे ते ठरवता येते. हा तारा दर 1.337 सेकंदांनी नेमाने स्पंदन पाठवतो, मात्र प्रत्येक स्पंदनाची तीव्रता आणि घडण वेगळी असते. म्हणून रेषांची लांबी आणि त्यांतील अंतर काटेकोर समान ठेवावे, शिखरे मधल्या पट्ट्यातच ठेवावीत, पण त्यांची संख्या आणि उंची शेजारच्या रेषेशी जुळवू नये. दोन्ही टोकांना रेषा सरळ नसते. तिथे पार्श्वभूमीच्या गोंगाटाची बारीक थरथर असते, आणि ती वगळली की चित्र लगेच कृत्रिम दिसते. या 80 रेषांचे आकडे सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) स्वरूपात नेटवर मिळतात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यांचा आलेख रेखून तो एसव्हीजी (रेषांची व्हेक्टर फाइल) म्हणून इंकस्केपमध्ये आणला, तर हाताने काही रचावे लागणार नाही. चित्राभोवती भरपूर काळी जागा सोडायला विसरू नका; मूळ वेष्टनावर आलेख मध्यभागीच आहे.

उत्तर 3:
छपाईबद्दल थोडे. फाइल शेवटपर्यंत व्हेक्टरच (कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी) ठेवावी. पिक्सेलमध्ये द्यावीच लागली, तर इंचाला 300 या हिशेबाने 12 इंचांसाठी 3600 पिक्सेल लागतील. मोठ्या पृष्ठावर नुसती काळी शाई फिकट दिसते, म्हणून छापखान्यात तिच्यात इतर शाया मिसळतात. परंतु त्या शायांचे ठसे किंचित सरकले, तरी बारीक पांढऱ्या रेषांना रंगीत कडा येतात किंवा त्या बुजतात. त्यामुळे रेषा अर्ध्या पॉइंटहून बारीक ठेवू नका आणि आधी एक नमुना छापून घ्या. मूळ वेष्टनाचा कागद खरखरीत पोताचा होता, तेव्हा चकचकीत कागद टाळलेला बरा.