प्रति: ट्रायथलॉन म्हणजे पैसेवाल्या एकलकोंड्यांचा खेळ?

ट्रायथलॉन, म्हणजे एकापाठोपाठ पोहणं, सायकल आणि पळणं, हा ‘पैसेवाल्या एकलकोंड्यांचा खेळ’ असं या चर्चेत म्हटलंय. त्यातलं पैशाचं अर्धं मान्य. सायकल खिसा कापते, वाद नाही. पण एकलकोंडा? ते फक्त शर्यतीच्या दिवशी. आयर्नमॅन ७०.३ मध्ये (एकूण ७०.३ मैलांची ट्रायथलॉन शर्यत) हौशी स्पर्धकांना पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, मागे लपून वारा चुकवला की दंड. बाकी वर्षभर मात्र टोळकंच असतं. आमच्या बेळगावच्या टोळक्यात येळ्ळूरचा शेतकरी आहे, कॅम्पातला बेकरीवाला आहे, बैलहोंगलचा एक कन्नड मास्तर आहे. मास्तरांचं मराठी आणि आमचं कन्नड सारखंच दिव्य, पण राजहंसगडाच्या चढावर दोन्ही भाषांतल्या शिव्या सगळ्यांना नीट कळतात.

पोहायचं म्हणाल तर पावसाळा सरला की विहिरी काठोकाठ भरतात, तिथंच. गोल गोल फिरावं लागतं, त्यामुळे बोयाला (शर्यतीत वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगणारा फुगा) वळसा घालायची सवय आपोआप होते, टँकात ती होत नाही. शेतकऱ्याचे वडील काठावर बसून फेऱ्या मोजतात. चुकून कमी मोजतात की मुद्दाम, देव जाणे.

आणि इथं अजून कुणी रिलेचं बोललेलं दिसत नाही. गोव्याच्या ७०.३ ला रिले असते: एकानं १.९ किमी पोहायचं, दुसऱ्यानं ९० किमी सायकल, तिसऱ्यानं २१.१ किमी पळायचं. सायकल एकाकडेच असली तरी भागतं. आमच्यात सायकल कुणी चालवायची यावर भांडण नाही, पोहायला कुणी उतरायचं यावर आहे. समुद्र म्हटलं की सगळ्यांचे खांदे दुखायला लागतात.