अक्षरं फिकट होतायत, कारण ओपॅसिटी चुकीच्या जागी आहे

वेबपानावरच्या डब्याला सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ०.५ ओपॅसिटी, म्हणजे अर्धी पारदर्शकता, दिल्यावर आतली अक्षरंही फिकी पडतात, आणि आयई ८ मध्ये (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरची आठवी आवृत्ती) तर काहीच होत नाही, असं तुम्ही म्हणताय. ओपॅसिटी अख्ख्या डब्याला लागते, पोराबाळांसकट, म्हणजे आतल्या सगळ्या मजकुरासकट. फक्त पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर आरजीबीए वापरा, म्हणजे रंगासोबत त्याची पारदर्शकताही सांगणारी पद्धत. ते आयई ९ पासून चालतं. म्हणून बॅकग्राउंडची आधीची ओळ साध्या ठोस रंगाची लिहा, तिच्याखाली आरजीबीएची. जुन्या ब्राउझरला दुसरी ओळ कळत नाही, तो पहिलीवर भागवतो. जुन्या आयईत पारदर्शकतेसाठी मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा फिल्टर आहे, पण त्याने अक्षरांच्या कडा खरबरीत दिसतात. मी तरी त्या वाटेला जात नाही. आयई ६ असेल तर अर्धपारदर्शक पीएनजी चित्रामागे राखाडी चौकोन दिसेल. तिथे सरळ जिफ चित्र लावा.