प्रोजेक्ट ५ आठवडे मागे, मॅनेजर आणखी ५ जण देतायत. घेऊ का?

वाकडची_लीड:
विमा पॉलिसीच्या नूतनीकरणाचं काम आहे. टीम ६ जणांची, गो-लाइव्ह (सिस्टिम प्रत्यक्ष सुरू करणं) १० आठवड्यांवर आणि आम्ही ५ आठवडे मागे. काल मॅनेजर म्हणाले, "सोमवारपासून बेंचवरची (सध्या प्रोजेक्ट नसलेली) ५ पोरं देतो, पण तारीख हलणार नाही." पोरं हुशार आहेत, जावावर दोन-तीन वर्षं काम केलेली. पण प्रीमियमच्या हिशेबाचं मॉड्यूल आमच्यात दोघांनाच नीट येतं, मला आणि एका सहकाऱ्याला. नाही म्हटलं तर उद्या उशिराचं खापर माझ्यावर फुटेल. हो म्हणायला मन धजत नाही.

टेस्टिंगवाला:
मिळतायत तर घ्या. महिन्याभराने मागाल तेव्हा कुणी देणार नाही. टेस्टिंगला लावा.

जुना_बॅकएंड:
ताई, टेस्टिंगचं वर सांगितलंय ते बरोबर आहे. प्रीमियमच्या कोडला मात्र त्यांना हात लावू देऊ नका.

२०१६ साली मी तुमच्याच जागी होतो. एका सहकारी बँकेचं कर्जाचं सॉफ्टवेअर, आम्ही ७ जण, ४ आठवडे उशीर. वरून ६ जण आले. पहिले ९ दिवस व्हीपीएन आणि डेटाबेसचे हक्क मिळवण्यात गेले. मग केटी, म्हणजे नव्यांना काम समजावून देणं, सुरू झालं. व्याजाचा हिशेब आमच्या टीममधल्या एकाच मुलीला पाठ होता. एका गुरुवारी मी तिच्या शेजारी बसलो होतो. सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत ती नव्या लोकांच्या शंका सोडवत होती. दिवसभरात तिच्या स्वतःच्या कामात एका क्वेरीची एक ओळ बदलली.

७ जणांत बोलणाऱ्या जोड्या २१ होतात, १३ जणांत ७८. हे गणित मला तेव्हाही येत होतं. ते अंगावर आलं यूएटीमध्ये, म्हणजे क्लायंट स्वतः तपासून बघतो तेव्हा. एका नव्या मुलाने रोजच्या व्याजाचं फंक्शन (हिशेब करणारा कोडचा तुकडा) लिहिलं होतं, कारण तसं एक आधीपासून आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लीप वर्ष होतं. जुनं फंक्शन ३६५ ने भागत होतं, त्याचं ३६६ ने. काही खात्यांत पैशांचा, काहींत रुपयांचा फरक. तो शोधून निस्तरण्यात ३ आठवडे गेले, आणि एकूण उशीर ११ आठवड्यांवर गेला. त्या मुलाची चूक नव्हती. त्याला शेजारी बसवून शिकवायला मी वेळ काढला नाही, ती चूक माझी.

आमच्याकडे मावळात भातलावणीला चार बाया जास्त आल्या तर शेत लवकर उरकतं, कारण रोप कसं खोचायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. आपलं काम तसं नाही.

आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहिलं की रखडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं. मला त्यांची दुसरी कबुली जास्त मोलाची वाटते. सिस्टिमचा आराखडा लिहायला १० मुरलेली माणसं १० महिने मागत होती, म्हणजे वेळापत्रकापेक्षा ३ महिने जास्त. दुसऱ्या गटाचे १५० जण तोवर रिकामे बसणार होते. ब्रुक्सनी काम त्या १५० जणांना दिलं. ३ महिने उशीर झालाच, वर आराखडा इतका विस्कळीत झाला की चुका काढण्याचं काम वर्षभराने वाढलं, असा त्यांचा स्वतःचा अंदाज.

म्हणून मॅनेजरना सांगा, दोघं द्या. एक टेस्ट डेटा बनवेल, दुसरा बिल्ड आणि एन्व्हायर्नमेंट (कोड जोडून चालवायची व्यवस्था) बघेल. तुमच्या टीममधून आधी बाहेर गेलेलं कुणी असेल तर भांडून परत मागा. आणि पहिल्या रिलीजमधून काय वगळता येईल ते आजच क्लायंटशी बोला.

वाकडची_लीड:
दादा, मनापासून आभार. मार्चमध्ये आमची एक जण दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली होती, ती सोमवारी परत येतेय. नवे दोघंच घेतले. समूह विमा दुसऱ्या टप्प्यात ढकलायचं मॅनेजरना पटलंय, क्लायंटशी कॉल बुधवारी आहे. एक विचारते, ते फंक्शन दोनदा लिहिलं गेलं हे आधी कळायला काय करायला हवं होतं?

जुना_बॅकएंड:
हिशेबाची सगळी फंक्शनं एका कागदावर मावली असती. नाव, कुठल्या फाइलमध्ये, कशाने भागतं. पुढच्या प्रोजेक्टपासून तो कागद मी नव्या माणसाच्या लॅपटॉपआधी त्याच्या टेबलावर ठेवतो. रविवारी तासभर काढा, तुमचाही होईल.