सॅम पॅचची पहिली गाजलेली उडी

धबधब्यांवरून उड्या मारणारा अमेरिकन गिरणी कामगार सॅम पॅच म्हणजे दारूच्या नशेत उड्या मारणारा वेडा, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. दारू होतीच, पण त्याची न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावची उडी बघा, ३० सप्टेंबर १८२७ची. पसेइक धबधब्याकाठी गिरणी कामगार सुट्टीला मोकळेपणी फिरायचे. टिमथी क्रेन नावाच्या स्थानिक व्यावसायिकाने ती जागा घेऊन बाग केली आणि आत यायला पैसे लावले. बागेत जायला क्रेनने केलेला पूल बसवायच्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं, आणि नेमकं तेव्हाच या सूत कातणाऱ्या गड्याने सुमारे ७० फुटांवरून झेप घेतली! क्रेनकडे कोण बघतंय मग?

उडीचं कसबही कामगारवस्तीतलंच. लहानपणापासून सॅम ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटच्या गिरणीत राबला, तिथल्याच धबधब्यावर पोरांबरोबर शिकला. नायगाराची उडी पॅटरसननंतर दोन वर्षांनी.