अकरा महिन्यांचे विद्यावेतन संपल्यावर हातात काय उरते?

वारणाकाठ (विश्रामबाग, सांगली)

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, म्हणजे लोकांच्या तोंडी 'लाडका भाऊ', जुलै 2024 मध्ये सुरू झाली. बारावी उत्तीर्णांना महिना 6,000, आयटीआय किंवा पदविका झालेल्यांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन थेट बँक खात्यात, अशी ती योजना आहे. मुदत प्रथम सहा महिन्यांची होती, ती पुढे पाच महिन्यांनी वाढवण्यात आली. ज्यांची मुदत संपली ते 'आम्हाला कायम करा' म्हणून आंदोलने करीत आहेत, आणि त्यावरची चर्चा 'कायम करा' व 'योजनाच बंद करा' या दोन टोकांतच फिरते आहे. माझे म्हणणे या दोहोंहून वेगळे आहे. पैसा खर्च व्हावा, परंतु तो शिकवणाऱ्याच्या दारात खर्च व्हावा. सध्या तो बहुतांशी ज्यांच्याकडे शिकवण्यासारखे काही नाही अशा टेबलांपाशी खर्च होत आहे.

अकरा महिने पूर्ण करणाऱ्या एका पदवीधरावर 1,10,000 रुपये जातात. या रकमेत तो काय शिकला याची नोंद कुठेच होत नाही, नोंद होते ती हजेरीची. माझ्या कामानिमित्त एका कार्यालयात वरचेवर जाणे होते. तेथे वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला एक मुलगा दिवसभर आवक-जावक नोंदवहीत क्रमांक घालतो, झेरॉक्स काढतो आणि आधारचा ओटीपी कोणत्या मोबाईलवर आला हे वयस्कर मंडळींना शोधून देतो. काम उपयोगाचे आहे, मुलगा नम्र आहे, साहेब खूश आहेत. मात्र हेच काम त्याने पहिल्या आठवड्यात जितके चांगले केले तितकेच तो दहाव्या महिन्यातही करीत होता, आणि याला प्रशिक्षण म्हणणे मला जड जाते.

हे सांगलीकरांनी तरी बोललेच पाहिजे, कारण सरकारी पैशातून काम देण्याचा या राज्यातला सर्वांत मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यातून उभा राहिला. विधानपरिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात प्रथम पारखून पाहिली. पुढे 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि 2005 च्या केंद्रीय कायद्याने तिचाच कित्ता गिरवला. 'मागेल त्याला काम' हे तिचे ब्रीद असले तरी मजुरी मोजमापावर ठरत असे. मुरमाची लांबी, रुंदी, खोली मोजल्याशिवाय मस्टर, म्हणजे हजेरी-मजुरीपट, निघत नसे, आणि मजूर घरी गेल्यावर मागे पाझर तलाव राहत असे. मस्टरमध्ये घोटाळेही पुष्कळ झाले, ते कोणी विसरलेले नाही. पण मोजायचे काय, याविषयी तरी वाद नव्हता. युवा प्रशिक्षणात मोजायचे काय हेच ठरलेले नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे की निम्म्या जागा कुपवाड, मिरज, पलूस, विटा येथील कारखाने, वर्कशॉप आणि शीतगृहे यांच्यासाठी राखाव्यात आणि प्रमाणपत्रावर 'समाधानकारक' असा शेरा न मारता उमेदवाराला कोणते काम स्वतंत्रपणे करता येते हे लिहावे. त्याची तपासणी आयटीआयच्या निदेशकाने करावी. ज्या कार्यालयाला असे काही लिहून देता येणार नाही, त्याला पुढच्या वर्षी प्रशिक्षणार्थी देऊ नये.

जतची प्रशिक्षणार्थी

आपले लेखन मुद्देसूद आहे, परंतु ते विश्रामबागेतून लिहिलेले आहे हे प्रत्येक परिच्छेदात जाणवते. जतहून सांगली 80 किलोमीटरच्या पुढे आणि आमचे गाव त्याच्याही पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीजवळ. मी बी.ए. आहे, एमएस-सीआयटी झाली आहे, टायपिंगची मराठी 30 आणि इंग्रजी 40 ही दोन्ही प्रमाणपत्रे आहेत. पदवीनंतर मला घराजवळ मिळालेले पहिले पगारी काम म्हणजे या योजनेतून मिळालेली जिल्हा परिषदेची शाळा. कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये जागा राखून ठेवली असती, तर ती माझ्यासाठी नव्हे, तर जो मुलगा खोली घेऊन तेथे राहू शकतो त्याच्यासाठी राहिली असती.

शिकले काय, असे आपण विचारता. आमच्या भागातील पुष्कळ मुले घरी कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. पहिलीतल्या मुलाला 'पाणी हवे' एवढेही मराठीत सांगता येत नाही, तेव्हा तो वर्गात गप्प बसतो आणि गुरुजींना वाटते की हा मंद आहे. मला दोन्ही भाषा येतात. सकाळचा पहिला तास मी अशा मुलांना वेगळे बसवून चित्रावर बोट ठेवून आधी कन्नड शब्द म्हणवून घ्यायचे, मग मराठी, मग तोच शब्द पाटीवर. दिवाळीनंतर ती मुले हात वर करू लागली. आपल्या योजनेतील निदेशक हे कोणत्या मापाने मोजणार? मोजता येत नाही म्हणून ते झालेच नाही, असे धरायचे का?

आणखी एक. पुरुषांना गाव सोडता येते, म्हणून त्यांच्यासाठी आखलेली प्रत्येक योजना आपोआप 'उत्पादक' ठरते आणि आमच्या वाट्याचा पैसा 'वाटप' ठरतो. कायम करण्याची मागणी मला अवास्तव वाटत नाही, कारण शाळेत काम होते आणि ते मी करीत होते. मुदत संपली तेव्हा त्या मुलांना वेगळे बसवणारे कोणी उरले नाही.

कुपवाड वर्कशॉप

माझे छोटे युनिट आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही संगणकावर चालणारी धातू कापण्याची यंत्रे) आणि जुन्या लेथ. धागाकर्त्यांचा, म्हणजे ही चर्चा सुरू करणाऱ्या वारणाकाठ यांचा, हेतू चांगला आहे, पण दोन्ही बाजूंना व्यवहाराची कल्पना कमी दिसते.

पहिली गोष्ट, खाजगी आस्थापनेला या योजनेत यायचे तर किमान 20 माणसे कामावर असावी लागतात. कुपवाडमध्ये कारागिराचा हात ज्या शेडमध्ये तयार होतो तेथे आठ-दहा माणसे असतात, म्हणजे शिकवण्याची खरी जागा नियमानेच बाहेर राहिली. याउलट 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली 4 ते 29 कामगार असलेल्यालाही स्वेच्छेने शिकाऊ उमेदवार घेता येतो, 30 किंवा त्याहून अधिक असतील तर ते बंधनकारकच आहे. आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिना 1,500 रुपयांपर्यंत, उचलते. आता हिशेब पाहा. सरकारी टेबलापाशी बसणाऱ्या पदवीधराचे 10,000 पूर्ण सरकार देते, आणि माझ्याकडे मशीन शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला सरकारकडून जास्तीत जास्त 1,500 येतात. मग मुलगा कुठे जाईल?

दुसरी गोष्ट शिकवण्याच्या खर्चाची, जो कोणीच धरत नाही. नव्या मुलाला मी पहिले काही आठवडे मशीनला हात लावू देत नाही. त्याने व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन तयार जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले भाग, मोजायचे आणि ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सशी (मापात चालणाऱ्या फरकाशी) ताडून बाजूला लावायचे. मग टूल ऑफसेट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या मापाचे आकडे मशीनमध्ये भरणे. तेथे दशांशचिन्ह एक घर सरकले तर इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) तुटतो, जॉब भंगारात जातो आणि नशीब खोटे असेल तर स्पिंडलला, म्हणजे मशीनच्या फिरत्या मुख्य दांड्याला, मार बसतो. हे नुकसान माझे, शिकवणाऱ्या जुन्या ऑपरेटरचा अर्धा दिवस माझा, आणि मुलगा तयार झाला की दोन हजार जास्त देणाऱ्या पुण्याच्या कंपनीत जातो. तरीही मी शिकवतो, कारण मलाही असेच कोणीतरी शिकवले. परंतु सरकारला शिक्षण हवे असेल, तर पैसा मुलाच्या खात्याबरोबर शिकवणाऱ्याच्या वेळेसाठीही ठेवावा लागेल.

जतच्या ताईंना एवढेच सांगतो की तपासणी विभागात, म्हणजे क्वालिटीमध्ये, मुली उत्तम काम करतात. राहण्याची सोय हा अडथळा खरा आहे, तो मी नाकारत नाही.

निवृत्त अव्वल कारकून, मिरज

सर्वांनी मूळ प्रश्नाला बगल दिली आहे. धागाकर्त्यांनी पाहिलेल्या त्या नोंदवहीसमोर पूर्वी एक लिपिक बसत असे. तो निवृत्त झाला, पद रिक्त राहिले, आणि त्या खुर्चीत आता प्रशिक्षणार्थी बसला आहे. यात प्रशिक्षण कमी आणि काटकसर जास्त आहे. सप्टेंबर 2023 मध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला होता, तो ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. पुढल्याच वर्षी तीच माणसे वेगळ्या नावाने कार्यालयात आली, असे मला तरी दिसते.

त्याच 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला 1,000 आणि मागास प्रवर्गाला 900 होते. सरसकट 900 धरले तरी नव्वद कोटींच्या वर रक्कम जाते. नोकरी शोधणाऱ्याकडूनच एवढा पैसा गोळा करणाऱ्या व्यवस्थेने नंतर त्याला विद्यावेतन देऊन उपकाराची भाषा करू नये. जतच्या त्या शाळेत काम आहे, हे त्या स्वतःच सांगत आहेत. काम आहे तर पद भरा. द्विभाषिक भागासाठी भाषा जाणणारा शिक्षक नेमणे हे नियमित भरतीचे काम आहे, अकरा महिन्यांच्या योजनेचे नव्हे. अर्थात 'कायम करा' यालाही माझा विरोध आहे. ज्यांनी परीक्षा दिल्या, शुल्क भरले, रात्री अभ्यासिकेत काढल्या, त्यांना डावलून मागच्या दाराने कोणाला आत घेता येणार नाही.

वारणाकाठ

अव्वल कारकून साहेबांचा रिक्त पदांचा मुद्दा मान्य करूनही मला तो अपुरा वाटतो. उद्या सर्व पदे भरली तरी तलाठ्याच्या त्या दहा लाख अर्जांपैकी बहुतेक बाहेरच राहणार, आणि वाद त्यांच्याविषयी आहे. शिवाय नोंदवही, पत्राचा मसुदा आणि टंकलेखन ही कामे ई-ऑफिसने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या फायलींनी, आधीच आक्रसली आहेत. पत्राचा कच्चा मसुदा आता फोनवरचा एआय क्षणात करून देतो. जे काम कमी होत चालले आहे, त्याचाच सराव तरुणांकडून अकरा महिने करून घेणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

जतच्या ताईंचे काम मोजता येत नाही, हे मला पटत नाही. सत्राच्या सुरुवातीला मराठी वाक्य न बोलणारी मुले किती होती आणि शेवटी किती उरली, ही दोन वाक्यांची नोंद मुख्याध्यापक करू शकतात. ती प्रमाणपत्रावर आली असती तर आज त्यांच्या हातात 'द्विभाषिक वर्ग हाताळण्याचा अनुभव' असा ठोस कागद असता. मी शाळेतील जागा काढून घ्या असे म्हटलेले नाही. ज्याला शिकवल्याचे लिहून देता येईल त्याला द्या, असे म्हटले आहे, आणि त्यांची शाळा त्यात पहिल्या रांगेत बसेल.

जतची प्रशिक्षणार्थी

असा कागद मिळाला तर मी तो जपून ठेवीन, पण तो कोणत्या भरतीत चालेल ते सांगा. शिक्षक भरतीला डी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते, तेथे अनुभवाच्या ओळीला किंमत नाही. कागदाला किंमत द्यायची असेल तर आधी भरतीचे नियम बदलावे लागतील. कुपवाडच्या दादांनी क्वालिटीचे सांगितले, त्याबद्दल आभार. मायक्रोमीटर शिकायला मी आजही तयार आहे. महिन्याच्या 10,000 मधून कुपवाडला खोली, जेवण आणि गावी जाण्या-येण्याचे एसटीचे भाडे वजा केल्यावर घरी काय पाठवायचे, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि माझ्याबरोबरच्या बहुतेक मुलींचाही तोच आहे.

कुपवाड वर्कशॉप

खोलीचा खर्च माझ्यासारख्या एकट्याला झेपणार नाही. दहा-बारा युनिटांनी मिळून एक घर भाड्याने घेतले आणि भाडे सरकारने दिले, तर सहा मुली घ्यायला मी आणि माझे शेजारी तयार आहोत. 20 माणसांची अट मात्र आधी निघाली पाहिजे, नाहीतर आमची नावे पोर्टलवर चढणारच नाहीत.

निवृत्त अव्वल कारकून, मिरज

अट काढायची तर मंत्रालयातून शासन निर्णयात दुरुस्ती लागेल, तिला वेळ जाईल. भाड्याचे काम जिल्ह्यातच होऊ शकते. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी राखलेला असतो आणि तो वर्षाच्या शेवटी घाईघाईने संपवला जातो, हे मी नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिले आहे. कारखानदारांच्या संघटनेने लेखी प्रस्ताव द्यावा, त्यात मुलींची संख्या, घराचे भाडे आणि कोणते काम शिकवणार हे तीनच रकाने असावेत, आणि तो मार्चपर्यंत थांबवून न ठेवता आताच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत देऊन पोच घ्यावी.