महापुरानं गाव सुटलेल्यांना विस्थापित म्हणायचं की नाही?

वेदगंगाकाठ
टिळकवाडीकरांनी काल लिहिलं, "नदीकाठचे लोक सरकारचे पाच लाख घेतात, माळावर घर बांधतात, ते भाड्यानं देतात आणि परत नदीला जाऊन राहतात. त्यांना हवामानामुळं विस्थापित म्हणणं हा खऱ्या विस्थापितांचा अपमान आहे." रात्रभर ते वाक्य डोक्यातनं गेलं नाही.

आमचं घर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीजवळच्या कारदगा-भोज पट्ट्यातलं. 2005 ला पाणी उंबऱ्याला लागलं आणि ओसरलं. 2019 च्या ऑगस्टात मात्र सहा दिवस घरात छातीभर पाणी. मातीची भिंत पाण्यात पडत नाही, पाणी उतरून ऊन लागलं की पडते. पंचनाम्याला आले त्या दिवशी भिंत उभी होती, म्हणून आम्ही 'सी' म्हणजे कमी पडझडीच्या वर्गात, 50 हजार. चार दिवसांनी माजघर बसलं. फेरपंचनाम्यासाठी वडिलांनी वर्षभर हेलपाटे घातले. 2021 च्या जुलैत राहिलेलंही गेलं. आता मी कागलच्या एमआयडीसीत, बायको-पोरं निपाणीत भाड्याच्या दोन खोल्यांत, आईवडील गावात म्हशींपाशी. एका घराच्या तीन चुली झाल्या. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

टिळकवाडीकर
तुमचं नुकसान मी नाकारत नाही. पण सगळं हवामानावर ढकलू नका. ओढे कुणी बुजवले? नदीच्या काठापर्यंत ऊस कुणी लावला? पुलांचे भराव पात्रात कुणी घातले? पाऊस पूर्वीही पडायचा.

आणि 'विस्थापित' या शब्दाला मी जपतो, कारण माझ्या आईचं माहेर हिडकल धरणाच्या पाण्याखाली गेलं. हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं, लोक फोटो काढायला जातात. आई एकदाच गेली आणि देवळाकडं पाठ करून बसली. तिला परतायला जागाच नव्हती. तुमची नदीकाठची मळीची जमीन अजून तुमच्या नावावर आहे.

मांजरीकर
ओढे, ऊस हे सगळं ठीक आहे. पण खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं नाव कुणीच का घेत नाही? आज समुद्रसपाटीपासून 519.60 मीटरला पाणी अडवतात. 2010 ला पाणीवाटपाच्या कृष्णा लवादानं 524.256 पर्यंत परवानगी दिली. आणखी साडेचार मीटर! मध्ये हिप्परगीचं बॅरेज आहेच. कल्लोळ-यडूर पूल आमच्याकडं दर पावसाळ्यात बुडतो. पूर्वी पाणी दोन दिवसांत उतरायचं, आता उतरतच नाही. पाणी पुढं सरकत नाही म्हणजे पुढं कुणीतरी धरलंय.

टिळकवाडीकर
महाराष्ट्र सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 ला सांगितलं की 2019 चा सांगली-कोल्हापूरचा पूर अलमट्टीमुळं आला नाही. आता ते तरी मानाल?

मांजरीकर
समितीतले लोक माझ्या गोठ्यात उभे राहिले होते काय? मी पाण्यात उभा राहून सात जनावरं सोडलो. दोन गेली. मला मीटर सांगू नका.

वेदगंगाकाठ
मांजरीकर अण्णा, जनावरं गेल्याचं दुःख मला कळतं. पण आमच्यात पाणी चढायला लागतं ते वर राधानगरी-भुदरगडच्या डोंगरात पाऊस कोसळला की. तेव्हा अलमट्टीचं नाव कशाला? पुण्याच्या हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 ला दाखवलंय, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणारा पाऊस तिपटीनं वाढला. अरबी समुद्र तापतोय, तिथनं बाष्प येतंय.

टिळकवाडीकर
मध्य भारत! निपाणी मध्य भारतात कधीपासनं?

वेदगंगाकाठ
नाही निपाणी मध्य भारतात, मान्य. पण अरबी समुद्र आमच्या घाटाच्या पलीकडंच आहे, तो विदर्भापुरता तापत नाही.

मांजरीकर
म्हणजे दोघं मिळून अलमट्टीला सोडून देणार. बेळगावात बसून हे सोपं आहे. पाणी महाराष्ट्रातनं येतं, अडतं कर्नाटकात, आणि आमचा अर्ज मराठीत असला तर टेबलावर घेत नाहीत. पंचनाम्याचा कागद कन्नडमध्ये, काय लिहिलंय ते न कळता माझ्या आईनं अंगठा दिला. खाली 'जनावरं : निरंक' असं लिहिलेलं होतं, ते आम्हाला सहा महिन्यांनी कळलं.

टिळकवाडीकर
हे मात्र चूक आहे. आईला वाचून दाखवायला हवं होतं. यावर माझा वाद नाही.

तेलसंगची लेक
एवढा वेळ वाचतेय. सगळे पुराचंच बोलताय. अथणी तालुका एकच, सप्तसागर-दरूरकडं कृष्णा घरात शिरते आणि आमच्या तेलसंग भागात टँकरची वाट बघतात. 2023 ला कर्नाटकातले दोनशेहून जास्त तालुके दुष्काळी जाहीर झाले, तेव्हा माझ्या भावानं बैल विकले. बोअर आटली, तुरी वाळल्या. मुकादमाची उचल घेऊन तो वहिनीबरोबर ऊसतोडीला गेला, लेकरं माझ्या आईपाशी ठेवून. भाची सातवीत होती, माझ्या आईला बघायला म्हणून शाळा बुडवायला लागली, शेवटी शाळा सुटलीच. तिची शाळा गेल्याचा पंचनामा कुणी केला नाही. पुराला निदान भिंत दाखवता येते. दुष्काळात माणूस एकेक करून जातो आणि लोक म्हणतात, पोटासाठी गेला.

टिळकवाडीकर काका, तुमच्या आईला परतायला जागा नव्हती, हे वाचून मला रडू आलं. पण माझ्या भावाला जागा आहे, तिथं पाणी नाही. मग तो परतून काय करणार?

टिळकवाडीकर
ताई, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. आईच्या गावातलीही बरीच माणसं जमीन बुडण्याआधी पाण्यावाचूनच मुंबईला गेली होती, 1972 च्या दुष्काळात. त्यांना आमच्या घरात कुणी विस्थापित म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं बहुतेक.

ठीक आहे, वेदगंगाकाठ, वापरा तो शब्द. पण मळीत परत पक्कं घर बांधायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. उद्या पाणी आणखी चढलं तर पोरं जातील.

वेदगंगाकाठ
घर कोण बांधतंय तिथं? पण माळावर गावठाणात दिलेली जागा दीड गुंठ्याची. त्यात म्हशी कुठं बांधायच्या, वैरण कुठं रचायची? वडील नदीला राहतात ते जनावरांपायी. गोठ्याला जागा द्या, ते उद्या वर येतील.

मांजरीकर
आणि वर पाणी? आमच्या नव्या वसाहतीत नळाला आठवड्यातनं एकदा येतं. अलमट्टीचं मी सोडलेलं नाही, तेवढं लक्षात ठेवा.

टिळकवाडीकर
सोडू नका. तुमच्या जनावरांचा तो कागद माझ्याकडं पाठवा, मला कन्नड वाचता येतं. फेरपंचनाम्याचा अर्ज दोन्ही भाषांत लिहून देतो.

मांजरीकर
पाठवतो. आईचा अंगठा आहे त्यावर, जरा पुसट झालाय.