उत्तर: महागडं डिमसम
वर कोणीतरी म्हटलंय की अशा महागड्या चिनी हॉटेलात पैसे वातावरणाचे मोजायचे, चवीचे नाही. मान्य, पण डिमसम (चहासोबतचे छोटे, बहुतेक वाफवलेले चिनी पदार्थ) निदान गरम तरी द्या! आमच्या ‘हार गाव’चं, म्हणजे कोळंबी भरलेल्या वाफवलेल्या डंपलिंगचं, आवरण जाड, चिवट. चॉपस्टिकनं उचलायला गेलो तर तळाच्या कागदाला चिकटून फाटलं आणि कोळंबी खाली. गव्हाच्या स्टार्चचं हे आवरण इतकं पातळ हवं की आतला गुलाबी रंग बाहेरून दिसावा. वाफेवरून काढून ठेवून दिलं की ते कडक होतं, तेच झालं असणार. शू माय (वरून उघडे, सारण भरलेले डंपलिंग) त्यातल्या त्यात बरे. चहाचे पैसे वेगळे. किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की पाणी भरून द्यायचं ही साधी कँटोनीज (दक्षिण चिनी) रीत, तीही वेटरच्या गावी नव्हती.